संकलन, क्रम आणि कृती : 'क्वीन'च्या 'ग्रेटेस्ट हिट्स'चा विचार

संकलनाकडे समीक्षेने फारसे आदराने पाहिलेले नाही. काव्याच्या क्षेत्रात 'निवडक' म्हणून निघणारा संग्रह विद्यार्थ्यांच्या सोयीचा मानला जातो, तर संगीताच्या क्षेत्रात 'ग्रेटेस्ट हिट्स' या नावाने निघणारी ध्वनिमुद्रिका विक्रेत्यांच्या सोयीची. दोन्ही ठिकाणी गृहीत एकच आहे. निर्मिती आधीच होऊन गेलेली असते व संकलन ही नंतरची मांडणी असते. म्हणून तिचा विचार व्यवहाराच्या इतिहासात करावा, कलाविचारात तिला स्थान नाही, असे हे गृहीत आहे. ते कितपत टिकते याची परीक्षा करण्यासाठी 'क्वीन' या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाची १९८१ साली निघालेली 'ग्रेटेस्ट हिट्स' ही ध्वनिमुद्रिका विशेष उपयुक्त आहे. २०२२ साली ब्रिटनमधील तिच्या विक्रीचा आकडा ७० लाखांवर गेला. त्या देशात इतर कोणतीही संगीतमालिका या संख्येपर्यंत त्यापूर्वी पोहोचली नव्हती. अर्थात विक्री हे कलामूल्याचे प्रमाण नव्हे. परंतु एवढ्या विस्तृत श्रोतृसमूहाला 'क्वीन'चा परिचय ज्या कृतीतून झाला ती मूळ नऊ ध्वनिमुद्रिकांपैकी एकही नसून त्यांतून वेचलेला हा संग्रह आहे, ही वस्तुस्थिती समीक्षेला दृष्टीआड करता येणार नाही.

या संग्रहाच्या ब्रिटिश आवृत्तीत १७ गीते आहेत. त्यांची निवड कोणत्या तत्त्वाने झाली, हा पहिला प्रश्न होय. १९७३ ते १९८० या काळात 'क्वीन'ने नऊ मूळ ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या. १९७३ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील एकही गीत येथे नाही. १९७४ च्या 'क्वीन टू'मधील केवळ एक आहे. १९८० च्या 'द गेम'मधील मात्र चार आहेत. हे प्रमाण रचनांच्या गुणवत्तेवरून ठरलेले नाही. सुट्या तबकडीवर निघून ब्रिटनच्या विक्रीतालिकेत पहिल्या २० क्रमांकांत पोहोचलेले, १९८० अखेरपर्यंतचे 'क्वीन'चे प्रत्येक मुख्य गीत येथे घेतलेले आहे. आणि त्या मर्यादेबाहेर राहिलेली 'टाय युअर मदर डाउन', 'स्प्रेड युअर विंग्ज' यांसारखी लक्षणीय गीते वगळलेली आहेत. या नियमाला अपवाद म्हणावा असे एकच गीत, 'वुई विल रॉक यू'. ते 'वुई आर द चॅम्पियन्स'च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर होते व जोडगीत म्हणूनच त्याने येथे प्रवेश मिळविला आहे. थोडक्यात, या संग्रहाचा खरा संकलक संपादक नसून श्रोतृसमूह आहे. संपादकाने गीते निवडली नाहीत. लोकांनी सात वर्षे दिलेला कौल त्याने एकत्र नोंदविला.

या निवडतत्त्वाचा परिणाम रचनाकारांच्या वाट्यावर स्पष्ट दिसतो. १७ पैकी १० गीते फ्रेडी मर्क्युरी यांची, ५ ब्रायन मे यांची व २ जॉन डीकन यांची आहेत. रॉजर टेलर यांचे एकही नाही. वस्तुतः टेलर हे वाद्यवृंदाच्या मूळ ध्वनिमुद्रिकांत सातत्याने रचना करीत आलेले होते; त्यांचे 'आय ऍम इन लव्ह विथ माय कार' हे गीत तर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर लाखो घरांत पोहोचले होते. परंतु तोपर्यंत 'क्वीन'च्या कोणत्याही सुट्या तबकडीचे मुख्य गीत त्यांचे नव्हते. त्यामुळे या संग्रहात टेलर वादक म्हणून आहेत, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तील अत्युच्च स्वरांचे गायक म्हणून आहेत, पण रचनाकार म्हणून नाहीत. मुखपृष्ठावर लॉर्ड स्नोडन यांनी टिपलेली चौघांची प्रतिमा चार समान भागीदारांचे आश्वासन देते. आतील गीते ते आश्वासन पाळीत नाहीत. १९९१ साली निघालेल्या 'ग्रेटेस्ट हिट्स टू'चा आरंभ मात्र टेलर यांच्याच 'अ काइंड ऑफ मॅजिक'ने झाला, हे येथे नमूद केले पाहिजे. पहिल्या संग्रहातील त्यांची अनुपस्थिती हा त्यांच्या प्रतिभेवरील निर्णय नव्हता, तर विशिष्ट क्षणी थांबविलेल्या मोजणीचा निष्कर्ष होता, असे त्यावरून दिसते.

श्रोत्यांचा कौल हेच निवडीचे तत्त्व असेल, तर श्रोते बदलताच संहिताही बदलली पाहिजे. आणि तसेच घडले आहे. अमेरिकेत त्याच वर्षी निघालेल्या आवृत्तीत १४ गीते आहेत. तिचा आरंभ 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने नव्हे, तर 'अनदर वन बाइट्स द डस्ट'ने होतो. कारण १९८० साली अमेरिकेच्या तालिकेत पहिला क्रमांक या दुसऱ्या गीताने मिळविला होता. डेव्हिड बोवी यांच्यासमवेत केलेले 'अंडर प्रेशर' त्या आवृत्तीत आहे, ब्रिटिश आवृत्तीत नाही. ब्रिटनमध्ये अपयशी ठरलेले 'कीप युअरसेल्फ अलाइव्ह' हे १९७३ चे गीतही तिकडे आढळते. प्राचीन ग्रंथांच्या पाठभेदांशी परिचित असलेल्या अभ्यासकाला या प्रकाराचे नवल वाटणार नाही. मात्र एक भेद लक्षात घ्यावयास हवा. हस्तलिखितांतील पाठभेदांमागे कोठेतरी एक मूळ पाठ होता, अशी श्रद्धा संपादकाला बाळगता येते. येथे मूळ पाठच नाही. प्रत्येक देशाची आवृत्ती ही त्या देशाच्या स्मृतीची संहिता असून त्यांपैकी एकीला शुद्ध व दुसरीला भ्रष्ट ठरविण्यास आधार उरत नाही. म्हणून पुढील विवेचन ब्रिटिश आवृत्तीपुरतेच मर्यादित आहे.

निवड लोकांची असली तरी क्रम लोकांनी ठरविलेला नाही. गीते कालानुक्रमाने मांडलेली नाहीत. विक्रीच्या क्रमानेही नाहीत. संकलनाला कृतीचा दर्जा देता येईल किंवा कसे, या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर ते याच ठिकाणी शोधले पाहिजे. कलाकृतीतील घटक संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी परस्परांशी बांधलेले असतात, असे मर्ढेकरांनी प्रतिपादिले. त्यांचा सिद्धांत जसाच्या तसा येथे लागू करणे धाडसाचे होईल, कारण त्यांच्या दृष्टीसमोर एका कलावंताने घडविलेली एकसंध कृती होती. तरीही घटकांचे परस्परसंबंध तपासण्याचे साधन म्हणून ही तीन तत्त्वे या संग्रहाच्या संदर्भात चांगलीच उपयोगी पडतात.

प्रथम विरोध. संग्रहाच्या आरंभी 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे १९७५ चे, सुमारे ६ मिनिटांचे गीत आहे. संथ भावगीत, ऑपेराचे विडंबन वाटावे असा समूहगायनाचा खंड आणि कठोर रॉक असे भिन्न खंड त्यात एकापुढे एक येतात. ध्रुपद असे त्यात नाहीच. मर्क्युरी, मे व टेलर या तिघांचे आवाज पुनःपुन्हा ध्वनिमुद्रित करून, थरावर थर चढवून त्यातील समूहगायन सिद्ध केलेले आहे. त्याच्यामागोमाग 'अनदर वन बाइट्स द डस्ट' येते. डीकन यांच्या बेस गिटारची काही मोजक्या स्वरांची आवर्तने, कोरडा ताल आणि त्यांवर जवळजवळ एकाकी उभा असलेला गायकाचा आवाज, एवढीच त्याची सामग्री. 'शीक' या अमेरिकन नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदाची छाया त्यावर उघड आहे. पहिल्या गीतात ध्वनीचा संचय आहे, दुसऱ्यात ध्वनीचा संकोच. आणि मध्ये पाच वर्षांचे अंतर आहे. मूळ ध्वनिमुद्रिका क्रमाने ऐकणाऱ्यास हा पालट सावकाश समजतो. येथे तो एका क्षणात अंगावर येतो, आणि जे गीत पूर्वी केवळ नृत्यानुकूल वाटले असते त्यातील संयम ही एक जाणीवपूर्वक कलाक्रिया आहे, असे प्रतीत होते. हा अर्थ दोन गीतांच्या सान्निध्याने निर्माण केला आहे. एकट्या गीतात तो नव्हता.

संवादाचे उदाहरण चौथ्या व पाचव्या गीतांत सापडते. मे यांचे 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' व मर्क्युरी यांचे 'बायसिकल रेस' ही गीते परस्परांचा उल्लेख करतात. १९७८ साली ती एकाच तबकडीच्या दोन समान मानाच्या बाजू म्हणून निघाली होती. परंतु 'जॅझ' या मूळ ध्वनिमुद्रिकेत त्यांच्यामध्ये 'जेलसी' हे वेगळ्या भावस्थितीचे गीत घातलेले आहे व त्यामुळे त्यांतील थट्टेचा धागा तुटतो. संग्रहात ती लागोपाठ येतात आणि प्रश्नोत्तराचा तो खेळ पुन्हा जुळतो. संकलन मूळ संदर्भ नष्ट करते, हा आक्षेप सरसकट खरा नाही, हे या एका उदाहरणावरून सिद्ध होते. क्वचित संकलन मूळ कृतीने विसकटलेला संबंध सांधून देते.

परंतु क्रमाचे खरे रहस्य आरंभ आणि अंत यांच्या समतोलात आहे. १९७५ च्या 'अ नाइट ऍट द ऑपेरा'मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' अखेरीस येते. तिच्यानंतर ब्रिटिश राष्ट्रगीताचे वादन तेवढे उरते. १९७७ च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'मध्ये 'वुई विल रॉक यू' व 'वुई आर द चॅम्पियन्स' ही अगदी आरंभीची दोन गीते आहेत. संग्रहात ही स्थिती नेमकी उलट झाली आहे. जे समापन होते ते प्रास्ताविक झाले. जे प्रास्ताविक होते ते समापन झाले. यातील दुसरा बदल 'क्वीन'च्या रंगमंचावरील प्रथेस धरून आहे, कारण ही दोन गीते त्यांच्या कार्यक्रमांच्या शेवटी गायिली जात. पण केवळ प्रथेचा निर्वाह एवढ्यावर या रचनेचा अर्थ संपत नाही.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा मधला खंड रंगमंचावर गाता येत नसे. तीन माणसांच्या कंठांतून एकाच वेळी इतके आवाज निघणे अशक्य होते. म्हणून कार्यक्रमात तो खंड ध्वनिफितीवरून वाजविला जाई व त्या वेळी वादक रंगमंचावरून दूर होत. ही ध्वनिमुद्रणगृहाची निर्मिती होती. श्रोत्याने ती केवळ ऐकावयाची होती. याउलट 'वुई विल रॉक यू'मध्ये वाद्ये जवळजवळ नाहीतच. दोन पदाघात व एक टाळी यांच्या पुनरावृत्तीवर ते गीत उभे आहे. गिटार प्रवेश करते ती अखेरच्या टप्प्यावर. पाय आणि हात ज्यास आहेत अशा कोणासही ते वाजविता येते. १९७७ साली स्टॅफर्ड येथील बिंगले हॉलमध्ये कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांनीच एकमुखाने गावयास आरंभ केला आणि त्या अनुभवातून ही दोन गीते स्फुरली, असे मे यांनी सांगितलेले आहे. म्हणजे अखेरची दोन गीते श्रोत्यांच्या सहभागासाठी आणि काही अंशी त्यांच्या सहभागातूनच जन्मलेली आहेत.

ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे संग्रहाला एक अंतर्गत दिशा असल्याचे दिसून येते. रंगमंचावर पूर्णांशाने गाता न येणाऱ्या गीतापासून तो निघतो व वाद्यवृंदावाचूनही गाता येईल अशा गीतांपाशी थांबतो. ज्या श्रोतृसमूहाने ही १७ गीते निवडली त्याचाच आवाज शेवटी ऐकू येतो. हा योग संपादकाने हेतुतः साधला की रंगमंचीय प्रथेने आपसूक साधून दिला, हे ठरविण्याची गरज नाही. कृतीत जे संबंध प्रत्यक्ष आढळतात त्यांचे मोल कर्त्याच्या हेतूवर अवलंबून नसते.

मात्र या लाभाचे मूल्यही मोजावे लागले आहे, आणि ते लहान नाही. पंधराव्या स्थानी असलेले 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय' पाहावे. 'क्वीन टू' या ध्वनिमुद्रिकेच्या दोन बाजूंना श्वेत व कृष्ण अशी नावे दिलेली होती. कृष्ण बाजूवरील सर्व गीते मर्क्युरी यांची असून त्यांतील अनेक एकमेकांत मिसळत जातात. त्या दीर्घ कल्पनाविश्वाचा हे गीत म्हणजे समारोप होता. त्याच्या शेवटी समुद्रकिनाऱ्यावरील एक जुने लोकप्रिय ब्रिटिश गाणे ऐकू येत विरून जाते, आणि त्याच चालीची शीळ पुढच्या 'शीअर हार्ट ऍटॅक'च्या आरंभी ऐकू येते. याप्रमाणे दोन ध्वनिमुद्रिकांमध्ये एक सेतू बांधलेला होता. संग्रहात या गीतापूर्वी 'फ्लॅश' हे १९८० च्या चित्रपटासाठी केलेले गीत आहे आणि नंतर 'वुई विल रॉक यू'. सेतूचे एक टोक तेवढे शिल्लक राहते. तीन मिनिटांहून लहान असे ते एक चपळ, काहीसे गूढ गीत उरते. मागे एखादे विश्व होते याची शंकाही नवख्या श्रोत्याला येत नाही.

दुसरी हानी काळाच्या जाणिवेची. 'क्वीन'च्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर सिंथेसायझर वापरलेला नाही, असे अभिमानाने नोंदविलेले असे. गिटार व मानवी कंठ यांतूनच सारे ध्वनिविश्व उभारावे, ही त्या काळातील त्यांची प्रतिज्ञा होती. 'द गेम'मध्ये ती सोडली गेली. 'प्ले द गेम'चा आरंभच सिंथेसायझरच्या ध्वनीने होतो. हा त्यांच्या कलाजीवनातील एक निर्णायक क्षण आहे. पण संग्रहात हे गीत तेराव्या स्थानी असून त्याच्या आधी १९७६ चे 'गुड ओल्ड-फॅशन्ड लव्हर बॉय' आणि दोनच गीतांनंतर १९७४ चे गीत येते. प्रतिज्ञा आणि तिचा त्याग यांतील पौर्वापर्य पुसले जाते. विकासाच्या जागी केवळ वैचित्र्य उरते. पाठ्यपुस्तकातील वेच्यांमधून कवीचा परिचय होतो, पण कवीची वाटचाल कळत नाही. त्याच जातीची ही उणीव आहे.

असे असूनही 'क्वीन'च्या रचना संकलनात इतक्या सहज का नांदतात, याचेही कारण पाहिले पाहिजे. 'पिंक फ्लॉइड'च्या १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मधील एखादा भाग अलग केला तर तो अपुरा वाटतो, कारण तेथे एकाच आशयाचा प्रबंध रचलेला आहे. 'क्वीन टू'चा अपवाद सोडल्यास 'क्वीन'च्या मूळ ध्वनिमुद्रिकाच मुळी संग्रहाच्या वळणाच्या आहेत. एकट्या 'अ नाइट ऍट द ऑपेरा'त जुन्या संगीतगृहांतील विनोदी गायन, कठोर रॉक, लोकगीताच्या धाटणीची रचना आणि प्रेमगीत शेजारी शेजारी येतात. संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा वाद्यवृंद प्रबंधापेक्षा मुक्तकाकडे झुकणारा होता. अमरूच्या मुक्तकांत प्रबंधाची रसपूर्णता असते, असे आनंदवर्धनाने म्हटले आहे. 'समबडी टू लव्ह' किंवा 'किलर क्वीन' यांसारख्या गीतांना ही कसोटी लावता येते. आपले विश्व ती आपल्याबरोबर घेऊन येतात. अशा मुक्तकांचा कोश केल्याने त्यांच्यावर फारसा अन्याय होत नाही. 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय'ला जे सोसावे लागते ते 'किलर क्वीन'ला सोसावे लागत नाही.

संदर्भापासून तुटलेल्या गीतांना श्रोता आपल्या पदरचा संदर्भ जोडू लागतो, ही संकलनाची आणखी एक परिणती होय. फ्रेडी मर्क्युरी यांचे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी निधन झाल्यानंतर हा संग्रह त्यांचे स्मारक म्हणून ऐकला जाऊ लागला. 'डोन्ट स्टॉप मी नाउ'मधील उन्मादात पुढील शोकाची चाहूल ऐकण्याची सवय जडली. १९८१ सालच्या संग्रहात अशी चाहूल असणे शक्य नव्हते. महाराष्ट्रातील श्रोत्याला आणखी एक मोह पडतो. झांझिबारला एका पारशी कुटुंबात १९४६ साली जन्मलेले फारोख बलसारा हे सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले. तेथेच त्यांनी शाळासोबत्यांसह 'द हेक्टिक्स' हा छोटा वाद्यवृंद उभारला. १९६४ साली झांझिबारमधील क्रांतीनंतर त्यांचे कुटुंब इंग्लंडला गेले. ही माहिती चरित्राच्या दृष्टीने मोलाची आहे. परंतु तिच्या आधारे या १७ गीतांत सह्याद्रीचे वारे शोधू जाणे म्हणजे गीते न ऐकता जन्मपत्रिका वाचणे होय. पाचगणीच्या वास्तव्याने त्यांना पियानो, रंगमंच आणि सांघिक वादनाचा पहिला सराव दिला, एवढेच निश्चयाने म्हणता येते. त्यापलीकडचे श्रेय मागताना गीतांतून पुरावा दाखविला पाहिजे.

वरील विवेचनावरून संकलनाच्या दर्जाविषयी काही निष्कर्ष काढता येतो. 'ग्रेटेस्ट हिट्स' ही मूळ कृतींची जागा घेऊ शकत नाही. टेलर यांचे रचनाकर्तृत्व, 'क्वीन टू'चे अखंड विश्व आणि सिंथेसायझरविषयीच्या प्रतिज्ञेचा इतिहास हे तिच्यात सापडणार नाहीत. ज्या अभ्यासकाला हा वाद्यवृंद जाणून घ्यावयाचा आहे त्याने मूळ नऊ ध्वनिमुद्रिकांकडे वळलेच पाहिजे. तथापि ती केवळ विक्रीची सोय आहे, हे म्हणणेही टिकत नाही. घटकांच्या नव्या सान्निध्यातून येथे नवे अर्थ उत्पन्न झाले आहेत, आणि आरंभापासून अंतापर्यंत जाणारी एक दिशा येथे आढळते. म्हणून संकलनाचे परीक्षण करताना काय निवडले याबरोबरच कशापुढे काय ठेवले, हा प्रश्न अवश्य विचारला गेला पाहिजे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बाजाराच्या नोंदवहीत मिळू शकेल. दुसऱ्याचे उत्तर मिळविण्यासाठी संग्रह आरंभापासून शेवटपर्यंत, क्रम न मोडता, ऐकावा लागतो.